तळटीपेतलं गाव

९ जानेवारी

प्रिय खळी,

मेसेजला तू नुसतं "ठीक" एवढंच उत्तर देतेस. तीनदा "ठीक" वाचलं आणि सरळ कागद ओढला. शाळेच्या होस्टेलमधून सुट्टीला घरी गेलो की आपण एकमेकींना पत्रं लिहायचो, तसं समज. वेणी कापून बारा वर्षं झाली तरी माझं खुणेचं नाव वेणीच राहिलंय, तशी ही सवयही राहिली म्हण.

ऐकू येणाऱ्यांचं बरं असतं. आवाज तुटला तरी अर्धं वाक्य कानात पडतं. आपलं बोलणं हातांचं, चित्र अडकलं की बोलणंच अडकतं. रविवारी व्हिडिओवर तू बोलायला लागलीस आणि तिसऱ्याच वाक्याला थिजलीस. एक हात पोटाशी, एक हवेत. मग हात नाहीतच, नुसते चौकोन. मग क्षणभर परत तू. मला दिसलं ते एवढंच: "बाळ". आणि त्यानंतर "पाच महिने".

तेवढं पुरेसं होतं गं मला! नऊ वर्षं वाट बघितलीत तुम्ही. मी खुर्चीतून उठले, आपण टाळ्या वाजवतो तसे दोन्ही हात वर करून हलवले, स्वयंपाकघरातून वहिनीला ओढत आणलं, तिलाही हात हलवायला लावले. परत बघते तर तू नव्हतीस. म्हटलं, लाइन गेली.

तीन झबली बेतून झाली आहेत, दोन शिवूनही झाली. मऊ जुन्या सुती कापडाची आहेत, टोचणार नाहीत. पार्सल उद्या टाकते. पाचवा महिना म्हणजे कागदाचे जड गठ्ठे उचलायचे नाहीत, प्रेसमध्ये सांगून ठेव.

तुझी
वेणी

१७ जानेवारी

वेणीताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी वाचलं. तिला दिलेलं नाही. पार्सलही घरी नेलं नाही, प्रेसमध्ये माझ्या मशीनशेजारच्या कपाटात ठेवलंय.

ती त्या रविवारी तुम्हाला सांगत होती की बाळ होतं, पाच महिन्यांचं झालं होतं, आणि गेलं. दवाखान्यातून येऊन तिला आठच दिवस झाले होते. दिवस गेल्याचंही कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, तिच्या आईलाही नाही. सगळ्यांत आधी तिनं तुम्हाला सांगितलं.

तुमची चूक नाही हे तिला कळतं. मला विचाराल तर कळूनही उपयोग होत नाहीये. रागावू नका. झबल्यांचं काही लिहू नका एवढीच विनंती.

आपला,
खळीचा नवरा

२४ जानेवारी

प्रिय खळी,

भावोजींचं पत्र मिळालं. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी लिहिलं म्हणून मला कळलं.

तू सांगत होतीस की बाळ गेलं, आणि मी आनंदानं हात हलवत होते. वर वहिनीलाही सामील करून घेतलं. आठवडाभर डोळ्यांसमोर तेच आहे. मशीनवर बसले की शिवण वाकडी जाते. पण माफी मागून तुझ्यावर आणखी एक काम टाकत नाही. माफ करणं हेही कामच असतं आणि तुला सध्या कामं कमी नाहीत.

लाइन खराब होती असं म्हणून मोकळीही होत नाही. ती खराब असते हे मला ठाऊक होतं, तरी अर्धं बघून मी पुरं समजले. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही. म्हणून मंगळवारी शिवण बंद ठेवून डोंगर उतरून खाली गेले, नेट कंपनीच्या ऑफिसात.

तिथे तक्रार लिहून घेतच नाहीत. फोन करायचा असतो. मी कानाकडे बोट दाखवून मान हलवली, तर क्लार्कनं तोच नंबर आणखी मोठ्या आकड्यांत लिहून दिला! गावात परत येऊन वहिनीला फोन लावायला सांगितलं. तिच्या औषधाच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती, तरी तिनं लावला. वीस मिनिटं संगीत ऐकलं म्हणे. मग पलीकडचा म्हणाला, तक्रारदार बाईंनी स्वतः बोलायला हवं, त्याशिवाय तक्रार घेता येत नाही. त्यावर वहिनी त्याला काय म्हणाली ते ती मला खुणेनं सांगायला तयार नाही. लाल झाली होती नुसती.

क्लार्कच्या मागच्या भिंतीवर नकाशा आहे. तुमचं शहर हिरवं आणि आमचं गावही हिरवं. हिरवं म्हणजे जलद इंटरनेट मिळतं. "तुमच्याकडे आहे की," असं त्यानं कागदावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. मी त्याखाली लिहिलं, "कुणाच्या घरी?" त्यानं कागदच उचलून घेतला.

त्या नकाशाचं छापील पत्रक टेबलावर पडलं होतं, ते घेऊन आले. सोबत पाठवतेय. तुझा दिवस छापलेल्या कागदातल्या चुका शोधण्यात जातो, तुला यात काही दिसलं तर बघ. लिहावंसं वाटलं तरच लिही.

वेणी

११ फेब्रुवारी

वेणी,

"प्रिय" लिहायला अजून हात धजत नाही, पण लिहितेय हे लक्षात घे.

तुझा फार राग आला होता. लाइनीवर राग धरून काय करणार, तिला तोंड नाही. तुला आहे, आणि ते हसत होतं. मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेले. ती घासलेलीच होती, तरी सगळी पुन्हा घासली.

तुझं पत्रक आठवडाभर तसंच पडलं होतं. मग एका दुपारी प्रेसमध्ये हातात काम नव्हतं म्हणून काढलं. छपाईतली लबाडी नेहमी सर्वांत बारीक अक्षरांत असते. उजव्या कोपऱ्यात, घडीवर, मुंगीएवढ्या अक्षरांची तळटीप आहे. भिंग धरून वाचली. लिहिलंय: "प्रभागातील किमान एका ठिकाणी जलद सेवा उपलब्ध असल्यास संपूर्ण प्रभाग सेवायुक्त धरला आहे."

एका ठिकाणी, वेणी! तुमच्यात कुणातरी एकाकडे चांगली लाइन आहे आणि त्याच्या जोरावर तुम्ही सगळे हिरवे झालात. तो एक कोण ते शोध. आणि बाकीच्यांची स्पीड मोज. "हळू चालतं" असं लिहून कुणी हलत नाही. तू ब्लाउजला पाव इंचाचा फरक चालवून घेत नाहीस, तसं मोज. तारीख, वेळ, घर, आकडा.

इकडे यायचं म्हणत असशील तर एवढ्यात येऊ नकोस. तू येशील, मी रडेन, चार दिवसांनी तू जाशील आणि पुढच्या रविवारी पुन्हा चौकोन. ते मला नकोय.

खळी

६ मार्च

प्रिय खळी,

मोजलं. त्रेचाळीस घरं, दिवसातून तीनदा, सलग चौदा दिवस. एक जाडजूड वही भरली; तिची झेरॉक्स आणि त्रेचाळीस घरांच्या सह्यांचा कागद सोबत आहे.

पहिले दोन दिवस गंमतच झाली. मी दारात उभी राहिले की बायका आपोआप दोन्ही हात बाजूला पसरून उभ्या राहायच्या, मापाला! मी त्यांचे हात खाली करायचे आणि फोन मागायचे. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांना कळलं. आता मला बघितलं की फोन आधीच उघडून ठेवतात आणि आज किती आलं म्हणून वहीत डोकावतात.

सर्वांत जास्त दोन पॉइंट एक एमबीपीएस. सर्वांत कमी शून्य पॉइंट तीन. तू तुझ्या घरचं चौऱ्याण्णव लिहून पाठवलंस ते मी सगळ्यांना दाखवलं. पॅक तोच, कंपनी तीच. कुणाचा विश्वास बसेना. एका आजोबांनी तर मधलं टिंब राहिलं असेल म्हणून पेनानं टिंबही देऊन टाकलं.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई एक्स-रेचा फोटो मोठ्या दवाखान्याला पाठवायला लावतात, आणि मूळ एक्स-रे बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतात. दर वेळी बस आधी पोचते. हे त्यांनी माझ्या वहीत स्वतः लिहून खाली सही केली आहे.

आणि तो एक सापडला. खालच्या वळणावर लाकडाची वखार आहे, तिचं ऑफिस. मालक खालीच राहतो. ऑफिसला बाराही महिने कुलूप. वखारीतल्या माणसानं माझ्यासाठी उघडलं. खुर्चीवर धूळ, भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, आणि कोपऱ्यात राउटरचा दिवा मजेत लुकलुकतोय. बासष्ट! मी तिथेच स्टुलावर बसून हसले आणि मग मला हसवेना.

एक विचारू? तू जे सांगितलंस ते रेकॉर्ड करून पाठवशील? दोन दिवस लागले तरी फोनवर उतरवून घेईन. मला ते पूर्ण बघायचंय.

वेणी

१९ मार्च

प्रिय वेणी,

रेकॉर्ड नाही करणार. कॅमेऱ्याला काय सांगू? समोर तू हवीस. मध्येच तुझी भुवई वर गेलेली मला दिसायला हवी.

तुझी वही रविवारी टाइप केली, सोमवारी रजा टाकून कंपनीच्या मुख्य ऑफिसात गेले. साहेब खिडकीकडे तोंड करून बोलत होते. मी टेबल वाजवलं आणि टाइप केलेली वही पुढे केली. त्यांनी माझा ग्राहक क्रमांक विचारला, संगणकात बघितलं आणि लिहिलं, "तुमच्या घरी उत्तम सेवा आहे. तुमची तक्रार काय?" मी लिहिलं, "माझ्या घरी दोन हात आहेत. समोरचे दोन हात पोचत नाहीत. निम्म्या संभाषणाचं मी काय करू?"

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मग लिहिलं, "वरच्या भागात मागणि नाही." मी सवयीनं लाल पेन काढून "मागणी" दुरुस्त केलं. मग त्रेचाळीस सह्यांचा कागद पुढे ठेवला. साहेब एकूण खूश झाले नाहीत.

पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका वकीलबाईंनी मला लिहून सांगितलं की कंपनीच्या वरचं एक कार्यालय आहे, तिथे ग्राहकांची उघड सुनावणी होते. अर्ज मी त्याच दिवशी दिला. १२ एप्रिलची तारीख मिळाली आहे. दुभाषी बाई सरकारकडून. आणि नियमात लिहिलंय, लांबच्या तक्रारदाराला घरून व्हिडिओवर हजर राहता येईल.

तू येऊ नकोस. तू घरूनच हजर राहा.

खळी

२५ मार्च

खळी,

नाही. मी येणार. आठ तासांचा तर प्रवास आहे.

तुला काय हवंय ते मला कळलं. मोठ्या पडद्यावर माझे हात तुटायला हवेत आणि सगळ्यांनी ते बघायला हवं. मी चौदा दिवस दारोदार फिरले. एकेक आकडा माझ्या हातचा आहे. तो मी उभी राहून सांगणार, नीट साडी नेसून. मला कुणाचा तमाशा व्हायचं नाही. एकदा तुझ्यासमोर माझी जी शोभा झाली ती पुरे.

वेणी

३० मार्च

प्रिय वेणी,

तू आलीस तर काय होईल ते सांगते. तू छान बोलशील. दुभाषी बाई छान सांगतील. ते म्हणतील, बाई हुशार आहेत, आठ तास प्रवास करू शकतात, यांचं काही अडत नाही. आणि तुझी वही फायलीत जाईल.

शोभा तुझी होणार नाही. त्या दिवशी चौकोनांत फक्त मीच तुटले नव्हते. तुझ्याकडून माझ्याकडे येतानाही सगळं तुटतच होतं, फक्त तू हसत होतीस तेवढं नेमकं नीट आलं. हे त्यांना दिसू दे.

आणि तुला एकटीला पुढे करत नाहीये. त्या दिवशी मीही तिथे बोलणार आहे. काय, ते आत्ता लिहीत नाही.

नीट साडी घरीही नेसता येते.

खळी

१४ एप्रिल

प्रिय खळी,

नेसले. खुर्ची भिंतीला लावून बसले, वही मांडीवर. वहिनी दुकान सोडून दाराशी उभी होती. नर्सबाई, वखारीतला माणूस, टिंबवाले आजोबा, सगळे बाहेर अंगणात. मी घराघरांत सांगून ठेवलं होतं, त्या तासात कुणी नेट वापरायचं नाही, सगळं मला मिळू दे. एकानंही फोन उघडला नाही. खळी, अख्खं गाव बंद ठेवून मला मिळालं ते एक पॉइंट नऊ.

माझ्याकडून दिसलं ते लिहिते. मोठी खोली. टेबलामागे तिघे, मधल्या अध्यक्षबाई. दुभाषी बाईंनी नमस्कार केला. मी बोलायला सुरुवात केली. चौथ्या घराशी असताना दुभाषी बाई थिजल्या. तरी मी बोलत राहिले, त्रेचाळीसही घरं सांगितली. पोचली का नाही, माहीत नाही. मग चित्र एकदम हललं आणि तू उभी राहिलेली दिसलीस. तुझे हात छातीशी आले.

बस. त्यापुढे अकरा मिनिटं तुझा तोच एक फोटो. मी घड्याळ लावून बघितलं. आत वाकून बघणाऱ्यांनी खुणेनं विचारलं, काय म्हणतेय? मी सांगितलं, मला माहीत नाही. या वेळी अंदाज केला नाही. हात मांडीवर घट्ट धरून बसले.

काय सांगितलंस? लिही.

वेणी

२२ एप्रिल

प्रिय वेणी,

चौथ्या घरानंतर तू चौकोन झालीस. दुभाषी बाईंनी हात खाली घेतले आणि तोंडानं म्हणाल्या, "मला यांचे हात दिसत नाहीत." हे मला समोरच्या पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांत वाचता येत होतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्यांना पुन्हा सांगायला सांगा." दुभाषी बाई म्हणाल्या, "मीही त्यांना दिसत नाहीये." कंपनीचे वकील लगबगीनं उठले, तांत्रिक अडचण आहे, पुढच्या तारखेला बाईंना प्रत्यक्ष बोलवावं.

तेव्हा मी उठले. म्हटलं, ही अडचण नाही, हीच तक्रार आहे.

मग मी जानेवारीतला रविवार सांगितला. पोटाशी कुठला हात होता, पुढे कुठली खूण केली, त्यातली कुठली तुला पोचली, तू काय केलंस. तुझे वर केलेले दोन्ही हात करून दाखवले. खोलीत साठेक माणसं होती. आईला मी सांगितलं नव्हतं, वेणी, आणि साठ जणांना सांगितलं. हे मागच्या दरवाज्याशी उभे होते, त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

वकील म्हणाले, हे दुःखद आहे, पण नकाशाप्रमाणे तो प्रभाग सेवायुक्त आहे. मी तळटीप मोठी छापून नेली होती, दोन हात लांब कागदावर. प्रेसमधल्यांनी फुकट काढून दिली. ती उलगडून धरली आणि विचारलं, "ते एक ठिकाण म्हणजे कुलूप लावलेली वखार आहे. तिथे कोण कुणाशी बोलतं?"

निकाल लगेच दिला नाही. पण अध्यक्षबाईंनी ती तळटीप दोनदा वाचायला घेतली आणि कंपनीला म्हणाल्या, यादीतल्या प्रत्येक घराची स्पीड स्वतः मोजून आणा.

आता जे तिथेही सांगितलं नाही ते. मुलगी होती. आम्ही दोघांनी तिला खुणेचं नाव ठेवलं होतं. ते या कागदावर येणार नाही, आपली नावं कुठे लिहिता येतात. "खळी" आणि "वेणी" हीसुद्धा ऐकणाऱ्यांच्या सोयीची आहेत. ते नाव तुला दाखवायचं आहे. त्या रविवारी शेवटी तेच दाखवणार होते.

कपाटातलं पार्सल मी गेल्या आठवड्यात घरी आणलं. ह्यांना वाटत होतं मला माहीत नाही.

तुझी
खळी

३ नोव्हेंबर

प्रिय खळी,

काल आपण दीड तास बोललो, तरी पत्र लिहितेय. बोलण्यात जे राहिलं ते यात.

ऑगस्टमध्ये यादीतल्या घरांना लाइन द्यायच्या आदेशाची प्रत आली तेव्हा वहिनीनं ती दुकानाच्या काचेवर चिकटवली. सप्टेंबरभर खांब उभे राहत होते. वळणापासून वरपर्यंत एकवीस खांब. दोन ठिकाणी खडक लागला तेव्हा कंपनीची माणसं उद्या बघू म्हणून निघाली होती. आमच्या बायकांनी त्यांना जाऊ दिलं नाही. पहारी आणल्या, चहा आणला आणि खड्डा होईपर्यंत सगळ्या तिथेच उभ्या राहिल्या. नर्सबाईंचा पहिला एक्स-रे परवा गेला. बसचा ड्रायव्हर खास बघायला आला होता.

तुझ्याइतकं नाही मिळत, चाळीसच्या आसपास मिळतं. चाळीसमध्ये बोटाचं नखही दिसतं.

काल तू पहिल्यापासून सांगितलंस तेव्हा मी मध्ये काहीच बोलले नाही, ते मुद्दाम. तू थांबशील आणि तुझे हात खाली जातील तोवर थांबायचं असं ठरवूनच बसले होते. तिचं नाव तू तीनदा दाखवलंस. तू पडद्यावरून गेल्यावर मी नर्सबाईंच्या आरशासमोर ते करून बघितलं, अंगठा नीट वळतोय ना म्हणून. आता येतं मला. चुकलं तर रविवारी सांग.

तू म्हणालीस, नर्सबाईंच्या खोलीत का बसलीस, तुझ्या घरी लाइन नाही आली? मी विषय बदलला. खरं ते लिहिते.

लाइनवाले दारावरून पुढे गेले. मी हात धरून थांबवलं तर त्यांनी यादी दाखवली. त्रेचाळीस घरं आहेत, बरोबर. मी त्रेचाळीस घरांत जाऊन मोजलं. माझ्या घरात जायला मला कुठे दार वाजवावं लागतं? माझं घर यादीत घातलंच नव्हतं! वहीत मी दहादा बघितलं, तू टाइप करताना दहादा तपासलंस, अध्यक्षबाईंनी त्यावरच आदेश दिला. वहिनी पोट धरून हसली, मग म्हणाली, दुकानातून वायर ओढू. मी नको म्हटलं. दुकान लांब आहे, आणि वायर ओढून घेण्यासाठी मी हे केलं नाही.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. ही चूक छपाईची नाही.

नवा अर्ज लिहिलाय. एका घराचा. चौदा दिवसांचे आकडे, दिवसातून तीनदा, या वेळी फक्त माझ्या खुर्चीवरचे. उद्या पहिल्या बसनं खाली जातेय. अर्ज तिथे फोनशिवाय घेत नाहीत हे मला ठाऊक आहे. डबा घेतलाय, काज-बटणांचे अकरा ब्लाउज घेतलेत. शिक्का मारलेली पोच हातात येईपर्यंत तिथेच बसून शिवणार आहे.

तुझी
वेणी